‘यूज्ड टू’ कुठं लिहायचं आणि कुठं नाही, इंदूरच्या उदाहरणांसकट

नोकरीत असलेला मुलगा दुसरीकडे अर्ज टाकतो आणि कव्हर लेटरमध्ये लिहितो, "आय यूज्ड टू हँडल कस्टमर कॉल्स अँड आय यूज्ड टू प्रिपेअर द डेली रिपोर्ट." त्याला सांगायचंय की मी रोज कॉल घेतो, रोज रिपोर्ट बनवतो. वाचणाऱ्याला कळतं की हा आधी करायचा, आता करत नाही, मग आता ऑफिसात बसून करतो काय? वाक्यात व्याकरणाची चूक शोधायला जाल तर सापडणार नाही, सगळं जागच्या जागी आहे, फक्त अर्थ उलटा गेलाय.

इंदुरात हे फार दिसतं. आपल्याकडे घरी मराठी, गल्लीत आणि शाळेत हिंदी, आणि बोलायचं इंग्रजी बऱ्याच जणांचं भंवरकुआं भागातल्या कोचिंगमध्ये तयार झालेलं, तिथं घाईघाईत ‘यूज्ड टू’ आणि ‘यूज्वली’ हे दोन्ही शब्द कानावर पडतात, ऐकायला जवळजवळचे, दोन्हींचा संबंध सवयीशी, मग डोक्यात एकाच खणात जाऊन पडतात. पण फक्त हिंदी-मराठी मीडियमवाल्यांचंच असं होतं असं नाही हां, कॉन्व्हेंटमध्ये शिकलेलेही बिनधास्त "आय यूज्ड टू वेक अप ॲट सिक्स एव्हरी डे" लिहितात आणि त्यांना म्हणायचं असतं आजचं. भारतभर असंच आहे.

एक गोष्ट पक्की धरून चला, बाकीचं सगळं तिच्यावरून निघतं. ‘यूज्ड टू’ लिहिलं की वाचणारा समजतो, आधी नेहमी व्हायचं, आता बंद. तुमच्या मनात काय होतं ते त्याला कागदावर दिसत नाही.

स्टेप १: वाक्य आधी मराठीत मोठ्यानं म्हणा

इंग्रजी शब्द जुळवत बसायच्या आधी आपल्या भाषेत म्हणा आणि क्रियापदाचं शेपूट ऐका. "आम्ही रामबागेत राहायचो", "आजी गोष्टी सांगायची", "इथं एक टॉकीज असायची". असा चो-ची-चे वाला शेवट आला की ‘यूज्ड टू’ आणि पुढे साधं क्रियापद. वुई यूज्ड टू लिव्ह इन रामबाग. पुढे ना एस लागणार, ना ईडी, ना आयएनजी.

"मला गर्दीची सवय आहे" असं तोंडातून आलं तर गोष्ट वेगळी, तिथं ‘ॲम यूज्ड टू’ येतं, त्याचं खाली सविस्तर. "हे मशीन कापड कापायला वापरतात" आलं तर तिसरीच गोष्ट, ‘इज यूज्ड टू कट’. आणि "मी सहाला उठतो" किंवा "मी सहाला उठत असतो" आलं तर यातलं काहीच नको, आय गेट अप ॲट सिक्स, विषय संपला. बहुतेक वेळा उठता पण कधीकधी नाही, असं असेल तर आय यूज्वली गेट अप ॲट सिक्स.

यात आपल्या इंदुरी मराठीची एक अडचण आहे. पुण्याकडचा माणूस "मी रोज तिकडे जायचो" म्हणतो तिथं आपण बरेचदा हिंदीतल्या ‘जाता था’ च्या वळणावर "मी रोज तिकडे जात होतो" म्हणून मोकळे होतो. आता हे ‘जात होतो’ दोन प्रकारचं असू शकतं. "फोन आला तेव्हा मी बाजारात जात होतो" हे एका वेळचं चाललेलं काम, ते इंग्रजीत ‘आय वॉज गोइंग’. आणि "कॉलेजात असताना मी रोज लायब्ररीत जात होतो" ही नेहमीची गोष्ट, ते ‘आय यूज्ड टू गो’. म्हणून ‘होतो’ ऐकू आलं की थांबा, एकदाचं की नेहमीचं ते स्वतःला विचारा, मग लिहा. आणि ‘मी जायचो’ आणि ‘मला जायचं होतं’ यांत घोळ करू नका, दुसऱ्यात फक्त इच्छा किंवा गरज आहे, तिथं ‘आय वॉन्टेड टू गो’ किंवा ‘आय हॅड टू गो’.

स्टेप २: ती गोष्ट खरंच संपली का?

इथं मी सगळ्यात जास्त वेळ घालवायला सांगेन, कारण चुका इथंच होतात आणि त्या कुठलं सॉफ्टवेअर पकडत नाही.

आपलं शहर या अभ्यासाला एकदम बरं आहे, कारण इथल्या निम्म्या गोष्टी बदलल्यात आणि निम्म्या तशाच चालू आहेत. गांधी हॉल घ्या. त्याचं आधीचं नाव किंग एडवर्ड हॉल. म्हणजे "गांधी हॉल यूज्ड टू बी कॉल्ड किंग एडवर्ड हॉल", बरोबर, कारण आता तसं कोणी म्हणत नाही. पण नाव बदललं ते एकदाच, १९४८ मध्ये, म्हणून ते वाक्य "इट वॉज रिनेम्ड इन १९४८" असंच राहणार, तिथं ‘यूज्ड टू’ घुसवायचं नाही. महूचंही तसंच, स्टेशनवर आता डॉ. आंबेडकर नगर लिहिलेलं असतं. देवी अहिल्या विश्वविद्यालयाचं आधीचं नाव इंदूर विश्वविद्यालय, तिथंही ‘यूज्ड टू बी कॉल्ड’ चालतं. मध्य भारत नावाचं राज्य होतं तेव्हा इंदूर त्याची उन्हाळी राजधानी आणि ग्वाल्हेर हिवाळी, "इंदूर यूज्ड टू बी द समर कॅपिटल ऑफ मध्य भारत", हेही बरोबर, १९५६ ला मध्य प्रदेश झालं आणि ते संपलं.

गिरण्यांचं तर विचारूच नका. "इंदूर यूज्ड टू बी अ मिल टाउन" लिहा, बिनधास्त लिहा. पण "हुकुमचंद मिल यूज्ड टू क्लोज इन १९९१" असं लिहिलं तर मिल त्या एका वर्षात वारंवार बंद पडायची असं काहीतरी विचित्र होतं. मिल क्लोज्ड इन १९९१. बंद पडणं हा एक प्रसंग आहे, सवय नाही.

आता उलटी बाजू. रंगपंचमीची गेर, म्हणजे रंग उधळत निघणारी मिरवणूक. बाहेरगावच्या मित्राला कौतुकानं लिहायला जाता, "पीपल यूज्ड टू गॅदर ॲट राजवाडा ऑन रंगपंचमी", आणि तो बिचारा समजतो की अरेरे, परंपरा बंद पडली वाटतं. गेर दरवर्षी निघते, तर लिहायचं "पीपल गॅदर ॲट राजवाडा एव्हरी रंगपंचमी". सराफ्याचंही तेच, दिवसा दागिने आणि रात्री खाण्याची दुकानं हे आजही चालू आहे, म्हणून साधा वर्तमानकाळ. भिया, सराफा बंद झाला असं चुकूनही लिहू नका, लोक मारतील.

शंका असेल तर वाक्याच्या शेवटी मनात "बट नॉट एनी मोअर" जोडून बघा. "आय यूज्ड टू हँडल कस्टमर कॉल्स, बट नॉट एनी मोअर." तुमच्या बाबतीत हे खोटं असेल तर वाक्य बदला.

स्टेप ३: आकडा दिसला की सावध

इथं नियम छोटा आहे पण शाळेत कोणी सांगत नाही. किती वेळा झालं किंवा किती वर्षं चाललं याचा पक्का आकडा वाक्यात असेल तर ‘यूज्ड टू’ नको, साधा भूतकाळ घ्या.

होळकर टीमनं रणजी ट्रॉफी चार वेळा जिंकली, १९४५-४६, १९४७-४८, १९५०-५१ आणि १९५२-५३. "होळकर यूज्ड टू विन द रणजी ट्रॉफी फोर टाइम्स" हे चूक, "होळकर वन द रणजी ट्रॉफी फोर टाइम्स" हे बरोबर. पण "सी. के. नायडू यूज्ड टू कॅप्टन होळकर" चालतं, तिथं मोजदाद नाही, फक्त आधी असं असायचं एवढंच सांगतोय. तसंच "आय यूज्ड टू लिव्ह इन ग्वाल्हेर फॉर फाइव्ह इयर्स" नको, एकतर "आय लिव्ह्ड इन ग्वाल्हेर फॉर फाइव्ह इयर्स" किंवा नुसतं "आय यूज्ड टू लिव्ह इन ग्वाल्हेर". दोन्हीतलं एक निवडा, दोन्ही एकत्र कोंबू नका.

एक पळवाट मात्र आहे. ‘थ्री टाइम्स अ वीक’, ‘एव्हरी संडे’, ‘ट्वाइस अ इयर’ असले शब्द चालतात, कारण ते एकूण बेरीज सांगत नाहीत, सवय सांगतात. "आय यूज्ड टू स्विम थ्री टाइम्स अ वीक" अगदी ठीक.

स्टेप ४: ती ‘डी’ कुठं जाते?

बोलताना ‘यूज्ड टू’ चा उच्चार ‘यूस्टू’ सारखा होतो, डी आणि टी एकमेकांत विरघळतात, म्हणून ऐकून लिहिणारा माणूस यू-एस-ई टू लिहितो. साध्या होकारार्थी वाक्यात हे चूक आहे, डी पाहिजेच. आणि वर्तमानकाळातलं ‘आय यूज टू गो’ हा प्रकार आजच्या इंग्रजीत नाहीच, शेकडो वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत होता, आता मेला. रोज जाता तर आय गो.

डी जाते ती फक्त ‘डिड’ आला की. "डिड यू यूज टू लिव्ह हिअर?", "आय डिडन्ट यूज टू लाइक कारलं." भूतकाळ डिडनं उचललाय, मग पुढचं क्रियापद साधं, जसं ‘डिड यू वेंट’ म्हणत नाही तसंच. छापील इंग्रजीतही ‘डिडन्ट यूज्ड टू’ डीसकट दिसेल तुम्हाला, त्यावर वाद घालत बसू नका, तुम्ही डी काढूनच लिहा, परीक्षेत आणि ऑफिसात तेच बरोबर धरतात.

खरं सांगू, लिहिताना हा डिड-बिड प्रकार मला थोडा बेढबच वाटतो. त्याऐवजी ‘नेव्हर’ वापरा, "आय नेव्हर यूज्ड टू लाइक कारलं", डी जागेवर राहते, डोक्याला ताप नाही. ‘यूज्ड नॉट टू’ हे जुन्या ब्रिटिश पुस्तकांत भेटतं, ओळखता आलं म्हणजे झालं, लिहायची गरज नाही.

स्टेप ५: सवय आहे, म्हणजे आयएनजी

आता तो दुसरा भाऊ, ‘बी यूज्ड टू’. आधी ॲम, इज, आर, वॉज असं काहीतरी असतं आणि अर्थ होतो सवय असणं. चूक होते ती पुढे: "आय ॲम यूज्ड टू वर्क लेट." पाहिजे "आय ॲम यूज्ड टू वर्किंग लेट".

का, तर इथला ‘टू’ वेगळा आहे. ‘आय वॉन्ट टू वर्क’ मधला टू क्रियापदाला चिकटलेला असतो, आणि सवयीवाला टू म्हणजे आपल्या ‘सवय’ च्या आधीचा ‘ची’, त्याच्यापुढे वस्तू पाहिजे, नाम पाहिजे. क्रियापद ठेवायचंच असेल तर त्याला आयएनजी लावून नाम बनवावं लागतं. ओळखायचं कसं? टू च्या पुढे ‘इट’ ठेवून बघा. "आय ॲम यूज्ड टू इट", अर्थ लागला, मला त्याची सवय आहे, म्हणजे आयएनजी येणार. "आय वॉन्ट टू इट" मध्ये ‘ते’ या अर्थाचा इट ठेवून काहीच अर्थ लागत नाही, म्हणजे साधं क्रियापद. देवनागरीत ‘इट’ म्हणजे ‘खा’ असंही वाचू शकता, पण मी ‘ते’ वालं इट म्हणतोय, आय-टी.

पोह्यांवरून फरक एकदम लख्ख दिसतो. इंदूरचा मुलगा नोकरीला पुण्याला गेला. "आय यूज्ड टू इट पोहा विथ जीरावन", म्हणजे आता सुटलं, तिकडे जीरावन, म्हणजे आपला पोह्यांवर भुरभुरायचा मसाला, कुठं मिळतंय. "आय ॲम यूज्ड टू इटिंग पोहा विथ जीरावन", म्हणजे जिभेला तीच सवय आहे, वर शेव आणि जीरावन नसेल तर घशाखाली उतरत नाही. पहिलं वाक्य भूतकाळातलं, दुसरं आजचं, आणि दोन्ही खरी असू शकतात एकाच माणसाबाबत.

सवय लागते आहे, अजून पक्की नाही, तर ‘गेट’ घ्या. "आय ॲम गेटिंग यूज्ड टू द ट्रॅफिक", "आय विल गेट यूज्ड टू इट", "शी गॉट यूज्ड टू लिव्हिंग अलोन". या सवयीवाल्याला कुठलाही काळ चालतो, वॉज, विल बी, हॅव बीन, सगळं. चो-ची-चे वाल्याला फक्त भूतकाळ, त्याचा भविष्यकाळ नाही आणि ‘हॅड यूज्ड टू गो’ असलं काही बनवूही नका.

ऑफिसच्या मेलमध्ये सगळ्यात जास्त दिसणारी खिचडी म्हणजे "आय ॲम यूज्ड टू गो टू साइट ऑन मंडेज". यात दोघा भावांचे कपडे एकमेकांनी घातलेत. दर सोमवारी जातो असं म्हणायचंय तर "आय गो टू द साइट ऑन मंडेज".

स्टेप ६: ‘वापरतात’ वालं

हे सोपं आहे. "धिस नाइफ इज यूज्ड टू कट व्हेजिटेबल्स" किंवा "इज यूज्ड फॉर कटिंग व्हेजिटेबल्स", दोन्ही चालतात. इथं उच्चारात झ ऐकू येतो, यूझ्ड. फक्त ‘इज’ खाल्लात तर काय होतं बघा: "द हॉल इज यूज्ड टू होस्ट एक्झिबिशन्स" म्हणजे हॉलमध्ये प्रदर्शनं भरवतात, आणि "द हॉल यूज्ड टू होस्ट एक्झिबिशन्स" म्हणजे पूर्वी भरायची, आता भरत नाहीत. संस्थेच्या पत्रकात एवढासा शब्द राहिला तर बुकिंगवाले फोनच करणार नाहीत.

स्टेप ७: मोठा परिच्छेद लिहिताना

आजोबांवर, जुन्या घरावर, बालपणावर लिहायला घेतलं की प्रत्येक वाक्यात ‘यूज्ड टू’ येतं, आणि तिसऱ्या वाक्यापासून वाचणारा कंटाळतो. इंग्रजीत लिहिणारे लोक असं करतात: पहिल्या वाक्यात ‘यूज्ड टू’ लिहून काळ ठरवून टाकायचा, मग पुढे ‘वुड’ वर जायचं, मध्येमध्ये साधा भूतकाळ. जसं:

"माय ग्रँडफादर यूज्ड टू वर्क ॲट अ कॉटन मिल. एव्हरी मॉर्निंग ही वुड सायकल टू वर्क विथ हिज टिफिन ऑन द हँडल. ऑन पे डे ही वुड ब्रिंग अस जिलेबी. वन इयर द मिल क्लोज्ड, अँड ही सोल्ड द सायकल."

बघा, शेवटच्या वाक्यात ना यूज्ड टू ना वुड, कारण मिल एकदा बंद पडली आणि सायकल एकदाच विकली.

वुड वापरताना एक अट आहे, तो फक्त परत परत केलेल्या कामाला चालतो, स्थितीला नाही. राहणं, असणं, जवळ असणं, माहीत असणं, आवडणं, इथं वुड नको. "वुई वुड लिव्ह इन शनि गल्ली" असं लिहिलंत तर ‘आम्ही राहू, जर अमुक झालं तर’ असा भलताच वास येतो. तिथं "वुई यूज्ड टू लिव्ह" किंवा "वुई लिव्ह्ड". आणि परिच्छेदाची सुरुवातही वुडनं करू नका, आधी काळ ठरू द्या.

स्टेप ८: एक अख्खा मसुदा दुरुस्त करून बघू

समजा कोणी असं लिहिलंय, बनवलेलं उदाहरण आहे पण असे रोज दिसतात:

"आय यूज टू वर्क इन अ लॉजिस्टिक्स फर्म सिन्स २०२२. आय यूज्ड टू कोऑर्डिनेट विथ ड्रायव्हर्स डेली. आय ॲम यूज्ड टू वर्क अंडर प्रेशर. अर्लियर आय यूज्ड टू वर्क इन अ बँक फॉर टू इयर्स."

पहिलं वाक्य. नोकरी चालू आहे आणि सिन्स आहे, तर "आय हॅव बीन वर्किंग ॲट अ लॉजिस्टिक्स फर्म सिन्स २०२२". दुसरं, आजही करतो, "आय कोऑर्डिनेट विथ ड्रायव्हर्स डेली". तिसरं सवयीचं, "आय ॲम यूज्ड टू वर्किंग अंडर प्रेशर". चौथं संपलेलं आहे खरं, पण टू इयर्स चा आकडा आलाय, म्हणून "बिफोर दॅट, आय वर्क्ड ॲट अ बँक फॉर टू इयर्स".

म्हणजे चार ठिकाणी लिहिलेलं ‘यूज्ड टू’ शेवटी एकाच ठिकाणी उरलं आणि तेही सवयीवालं. माझं मत विचाराल तर रेझ्युमेमध्ये चो-ची-चे वालं ‘यूज्ड टू’ लिहूच नये. जुन्या नोकरीबद्दल हँडल्ड, मॅनेज्ड, ट्रेन्ड असे सरळ भूतकाळ ठेवा, ते कामाचा हिशोब दिल्यासारखे वाटतात, आणि ‘यूज्ड टू हँडल’ म्हणजे कट्ट्यावर बसून जुन्या आठवणी सांगतोय असं वाटतं. कॉलेज प्रवेशाच्या एसओपीमध्ये (स्टेटमेंट ऑफ पर्पज) मात्र जागा आहे त्याला, "आय यूज्ड टू बी अफ्रेड ऑफ पब्लिक स्पीकिंग" सारखं वाक्य तिथं शोभतं, कारण आधी असं होतं आणि नंतर बदललं हेच तर तिथं दाखवायचं असतं.

लिहून झालं की फाइलमध्ये सर्चला यू-एस-ई टाका, डीवाले आणि बिनडीचे दोन्ही सापडतील, एकेक करून बघा. स्पेलचेकवर विसंबू नका, यूज आणि यूज्ड दोन्ही खरे शब्द आहेत त्यामुळे लाल रेघ येत नाही. ग्रामर तपासणारं ॲप असेल तर बिनडीचं एखादवेळी पकडेल, आयएनजी सुटलेलंही पकडेल, पण "आय यूज्ड टू प्रिपेअर द डेली रिपोर्ट" हे वाक्य ते सोडूनच देणार, कारण तो रिपोर्ट तुम्ही आज सकाळी बनवलाय की दोन वर्षांपूर्वी सोडलाय हे ॲपला कुठून कळणार.